वर्ष फुकट जातं का? वयाच्या पुढे शिकणाऱ्या मुलीला कोणत्या वर्गात बसवावं

बडोद्यातल्या मांजलपूरहून एका आईचा प्रश्न आला आहे, तो थोडक्यात असा. मुलगी येत्या १९ जुलैला सहा वर्षांची होईल. सीनियर केजी संपत आलंय. मराठी आणि इंग्रजी गोष्टी स्वतः वाचते, हातचा घेऊन बेरीज करते, पंधरापर्यंत पाढे पाठ आहेत. एक जूनला सहा पूर्ण होत नाहीत म्हणून शाळा पहिलीत घेत नाही, बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, बसवा म्हणते. दुसरी एक शाळा "बघू, जमवून देऊ" म्हणाली आहे. आजी म्हणतात पोरीचं वर्ष फुकट जाणार. वडील म्हणतात आत्ता राहू दे, पुढच्या जूनमध्ये एकदम दुसरीत बसवू. एकाच घरात राहणारा चुलत भाऊ त्याच शाळेत आहे आणि तेव्हा तो दुसरीत असेल. यातलं काय करावं?

मी बडोद्यात लहान मुलांच्या शैक्षणिक चाचण्या आणि पालकांशी बोलणी हेच काम अनेक वर्षं करते आहे. त्यामुळे उत्तर लांबेल.

कायद्याचा भाग आधी घेऊ, कारण तिथे निवडीला जागा नाही. गुजरातमध्ये २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पहिलीत प्रवेशासाठी एक जूनला सहा वर्षं पूर्ण असावी लागतात. ती अधिसूचना ३१ जानेवारी २०२० ची आहे. पालक त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले होते आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली: २०१२ च्या राज्य नियमांप्रमाणे एक जूनला तीन वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला पूर्वप्राथमिक शाळेने घ्यायचंच नाही. तुमची मुलगी नर्सरीत गेली तेव्हा दोन वर्षं दहा महिन्यांची होती. म्हणजे आज जे वर्ष जास्तीचं वाटतंय ते तिथे, सुरुवातीला जोडलं गेलं. आजींना हे असंच सांगा: नात मागे राहत नाही, ती लवकर निघाली होती. आणि सयाजीराव महाराज २७ मे १८७५ ला बारा वर्षांचे असताना दत्तक आले तेव्हा त्यांचं शिक्षण जवळजवळ पहिल्यापासून सुरू करावं लागलं होतं, हेही सांगा. डिसेंबर १८८१ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. सुरुवात कोणत्या वर्षी झाली यापेक्षा त्यानंतर रोज काय शिकवलं गेलं, याने फरक पडला.

"जमवून देऊ" म्हणणाऱ्या शाळेपासून दूर राहा. जमवणं म्हणजे एकतर जन्मतारखेशी खेळ, नाहीतर वर्गात बसवून नोंद दुसऱ्या वर्गाची करणं. जन्मदाखल्यावरची तारीख आधारमध्ये जाते, यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीत जाते, नववीच्या बोर्ड नोंदणीत जाते, पासपोर्टमध्ये जाते. एका ठिकाणी बदललेली तारीख दहा वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी अडते, आणि तेव्हा अडचणीत मूल सापडतं, शाळा सापडत नाही. फी भरली असेल तर परत मागा.

आता खरा प्रश्न. मुलीला "किती येतं" एवढ्यावर वर्ग ठरवता येत नाही. मी पालकांना नेहमी विचारते: या वर्गातल्या एखाद्या साध्या मंगळवारी, कुठला सण नाही, परीक्षा नाही, अशा दिवशी हिला न येणारी अशी कोणती गोष्ट समोर येईल? ज्या मुलाला महिनोन्‌महिने सगळं आधीच येत असतं त्याला अडखळायची सवयच लागत नाही. पहिली ते चौथी असं मूल सगळ्यांचं लाडकं असतं. सहावी-सातवीत अपूर्णांक, बीजगणित, लांब उत्तरं समोर आली की पहिल्यांदा काहीतरी पटकन जमत नाही, आणि तेव्हा ते प्रयत्न सोडून देतं, कारण प्रयत्न कसा करायचा हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. हुशार मुलांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. फुकट जाणारं वर्ष असेल तर ते हे, मग मूल कागदावर कोणत्याही वर्गात असो.

म्हणून तिला नेमकं कुठे न्यायला हवं हे आधी मोजा. सीनियर केजीच्या वर्कशीटमध्ये पैकीच्या पैकी मार्क मिळाले, यातून काहीच कळत नाही. मोजपट्टीच तिथे संपते. तिला पहिलीच्या वर्षअखेरीचा पेपर द्या. तो सहज सोडवला तर दुसरीचा. जिथे ती थांबते, विचार करते, चुकते, तिथे तिची आजची जागा आहे. हे सुट्टीत, घरी, दोन-तीन दिवसांत विभागून करा आणि मार्क तिला सांगू नका.

पाढे मी त्यात धरत नाही. पाठ असणं चांगलंच आहे, पण समज वेगळी पाहावी लागते. "सात आठं छप्पन्न" म्हणणाऱ्या मुलीला विचारा, आठ आठं किती ते पाढा न म्हणता कसं काढशील? छप्पन्नात आणखी आठ मिळवायचे, असं ती स्वतःहून म्हणाली तर गुणाकार तिला कळलाय. सहा डब्यांत चार-चार चकल्या, त्यातल्या पाच संपल्या, किती उरल्या? हे तोंडी विचारा, कागद न देता. आणि ५३ लिहून विचारा, यातला पाच म्हणजे किती? आपण मराठीत आणि गुजरातीतही एकक आधी बोलतो, म्हणून "त्रेपन्न" ऐकून ३५ लिहिणारी मुलं बरीच असतात. ते वयाला धरून आहे. पण पाच म्हणजे पन्नास हे ज्याला माहीत नाही, त्याचा हातचा नुसता पाठ केलेला असतो. अबॅकसच्या क्लासमधून आलेल्या मुलांत मला हे वरचेवर दिसतं.

वाचनाचंही तसंच. न वाचलेली गोष्ट द्या, वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि विचारा: तो खोटं का बोलला असेल? त्याच्या आईला काय वाटलं असेल? पानावर न लिहिलेलं उत्तर देता आलं तर ती खरंच वाचते आहे. एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगते, तुमच्या मुलीबद्दल नव्हे, पण हे वाचणाऱ्या कुणाला तरी लागू पडेल. काही मुलं तीन-साडेतीन वर्षांची असतानाच दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, पेपरचे मथळे धडाधड वाचतात, पण बोलणं मागे असतं. प्रश्न विचारला तर उत्तराऐवजी प्रश्नच परत म्हणतात, नावाने हाक मारली तर बघत नाहीत. तिथे पुढच्या वर्गाचा विचार बाजूला ठेवून आधी मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर गाठावेत. लवकर गेलेलं बरं असतं.

बुद्ध्यांकाच्या चाचणीबद्दलही पालक विचारतात. आपल्याकडे लहान मुलांसाठी बिने-कामत चाचणी अजून वापरात आहे. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांवर बसवली, म्हणून मराठी घरातल्या मुलाला तिची भाषा परकी वाटत नाही. सहा वर्षांनंतर मालिन यांची चाचणी करता येते. आकृत्यांची रेव्हनची रंगीत चाचणी भाषेशिवाय होते. पण यातली प्रमाणं, म्हणजे कोणत्या वयाला किती गुण सरासरी धरायचे ते आकडे, जुनी आहेत, आणि जुन्या प्रमाणांवर आजच्या मुलांचे आकडे फुगून येतात, हे जगभर दिसलेलं आहे. जुन्या चाचणीवरचा १३० हा आकडा जसाच्या तसा धरू नका. चाचणी घेणाऱ्याने मूल कुठे अडलं, किती वेळ टिकलं, चुकल्यावर काय केलं हे लिहून दिलं असेल, तर तेच पान जास्त कामाचं.

आता वडिलांच्या म्हणण्याकडे येते, कारण त्यात तथ्य आहे. वर्ग ओलांडल्याने मूल एकटं पडतं, कोमेजतं, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे. अनेक दशकांचं संशोधन तसं म्हणत नाही. नीट पारखून वरच्या वर्गात बसवलेली मुलं अभ्यासात त्या वर्गातल्या मोठ्या मुलांच्या बरोबरीने चालतात आणि मैत्री, मन:स्थिती यांत सरासरीने त्यांचं नुकसान झालेलं दिसत नाही. दुसरीकडे, वर्गातली वयाने सर्वांत लहान मुलं "लक्ष देत नाही, चुळबुळ करते" म्हणून जास्त वेळा ठरवली जातात, हेही अनेक देशांत आढळलं आहे. दोन्ही खरं आहे. पहिली गोष्ट निवडून पाठवलेल्या मुलांची, दुसरी केवळ जन्मतारखेमुळे लहान राहिलेल्या सगळ्याच मुलांची. म्हणून पारख महत्त्वाची.

तुमच्या मुलीच्या बाबतीत तारखेचा हिशोब तिच्या बाजूने आहे. पुढच्या जूनमध्ये ती सहा वर्षं दहा महिन्यांची असेल, म्हणजे पहिलीतल्या सर्वांत मोठ्या मुलांपैकी एक. दुसरीतल्या सर्वांत लहान मुलाला तेव्हा सात पूर्ण झालेली असतील. म्हणजे एक वर्ग ओलांडला तरी ती त्या वर्गातल्या सर्वांत लहान मुलापेक्षा जेमतेम सात आठवड्यांनी लहान राहील. मे महिन्यात जन्मलेल्या मुलीने एक वर्ग ओलांडणं आणि जुलैत जन्मलेल्या मुलीने ओलांडणं या फार वेगळ्या गोष्टी आहेत. मेमधल्या मुलीच्या आईने विचारलं असतं तर मी बरीच जास्त सावध राहिले असते.

तरीही पहिलीत नावच न घालता थेट दुसरीत प्रवेश, हे मी सुचवणार नाही. पहिलीत रीतसर प्रवेश घ्या, दिवाळीपर्यंत बघा, आणि हलवायचं ठरलं तर दिवाळीच्या सुट्टीनंतर किंवा वर्ष संपताना हलवा. तसं केल्याने शाळेच्या नोंदीत पहिली दिसते आणि तोवर शिक्षिकेने तिला काही महिने पाहिलेलं असतं. निर्णय तोंडी घेऊ नका. मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या: कोणत्या तारखेपासून कोणता वर्ग, यूडायसमध्ये काय नोंद, आणि जमलं नाही तर परत येण्याची सोय. चार ते सहा आठवडे चाचपणीचे ठेवा आणि ते चाचपणीचे आहेत हे मुलीलाही आधीच सांगा, म्हणजे परत यावं लागलं तर ते हरणं वाटणार नाही.

चुलत भावाचं मात्र मला मोठं वाटतं, तुम्ही ते पत्रात शेवटी एका ओळीत लिहिलंय तरी. वर्ग ओलांडण्याचा निर्णय घेण्यासाठी अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एक मोजपट्टी तयार झाली आहे. तीत काही गोष्टी अशा आहेत की त्यातली एक जरी असली तरी पाऊल उचलू नये असं सांगितलंय: बुद्ध्यांक ११५ च्या खाली असणं, भावंड आत्ताच्या किंवा ज्यात जायचं त्या वर्गात असणं, आणि मुलाची स्वतःची इच्छा नसणं. त्यात भावंड म्हणजे सख्खं. पण एका छताखाली, एका स्वयंपाकघरात वाढणारा चुलत भाऊ सख्ख्यापेक्षा कमी नाही. ती दुसरीत आली तर दोघं एका वर्गात येतील. सहामाहीचे मार्क एकाच संध्याकाळी एकाच आजीसमोर येतील. मुलगा खचेल, किंवा मुलगी त्याच्यासाठी मुद्दाम मागे राहायला शिकेल. मी दुसरं जास्त वेळा पाहिलंय, आणि मुलींमध्ये तर फारच. शाळेत दोन तुकड्या असतील तर वेगळी तुकडी मागा. एकच तुकडी असेल तर वर्ग ओलांडू नका, विषयाने पुढे न्या. जाऊबाईंशी आणि दिरांशी हे आधी बोला, शाळेशी नंतर.

विषयाने पुढे नेणं म्हणजे ती पहिलीतच बसेल, पण गणिताच्या तासाला दुसरीत जाईल, किंवा त्या तासाला तिला दुसरीचं पुस्तक मिळेल. वेळापत्रक जुळवावं लागतं म्हणून शाळा कुरकुरतात. दोन्ही वर्गांचा गणिताचा तास एकाच वेळी ठेवला की बरंचसं सुटतं, आणि ते जूनच्या आधी सांगितलं तरच होतं. बडोद्यात मी पाहिलेल्या बऱ्याच मुलांना एवढंच पुरलं. काही मुलं मात्र सगळ्याच विषयांत पुढे असतात. त्यांना एका तासाने काही होत नाही आणि तिथे मी पूर्ण वर्ग ओलांडायच्या बाजूने ठाम उभी राहते, शाळेशी वाद झाला तरी.

आणखी काही गोष्टी बघायच्या आहेत. डोकं नऊ वर्षांचं आणि बोटं सहा वर्षांची, हे हुशार मुलांत नेहमीचं असतं. दुसरीत फळ्यावरून पानभर उतरवायचं असतं. हात दुखतो, मागे पडते, रडते, मग सगळे म्हणतात झेपत नाही. अक्षरामुळे मी कुणाला अडवत नाही, पण आतापासून पेन्सिलची पकड बघा, रोज थोडी माती, कात्री, मणी ओवणं ठेवा. सुंदर अक्षराच्या वह्या नकोत. गुजरातीचंही बघा. २०२३ च्या कायद्याने आता सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणं बंधनकारक आहे. मराठी घरातली, इंग्रजी माध्यमातली मुलगी सोसायटीत खेळताना गुजराती छान बोलते, पण लिपी तिला येत नाही, आणि पहिलीतून मध्येच हलवलं तर नेमका कक्को-बाराखडीचा, म्हणजे गुजराती मुळाक्षरांचा काळ निसटतो. देवनागरी येणाऱ्या मुलीला हे उन्हाळ्याच्या सुट्टीत भरून काढता येतं, मात्र लक्षात ठेवून करावं लागतं.

"समज कमी आहे, लगेच रडते," असं शाळा म्हणाली तर कधी रडते ते विचारा. कंटाळलेलं मूलही रडतं. मला कळायचं असतं ते असं: खेळात हरली तर दुसऱ्या डावाला बसते का, डबा आपला आपण संपवते का, समजलं नाही तर बाईंना विचारते का, आणि सोसायटीत खाली गेल्यावर कुणात खेळते. आठ-नऊ वर्षांच्या मुली तिला आपल्यात घेत असतील, तर ती वरच्या वर्गात रुळेल. त्यांच्या मागे-मागे नुसती फिरत असेल तर अजून थांबा. तिला "दुसरीत जायचंय का?" असं विचारू नका; सहा वर्षांचं मूल आईच्या चेहऱ्यावरचं उत्तर वाचून सांगतं. दोन दिवस त्या वर्गात बसू द्या आणि घरी आल्यावर तिथे काय झालं ते नुसतं ऐका.

पुढच्या परीक्षांची भीती बाळगू नका. नीटसाठी, म्हणजे वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेसाठी, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण लागतात. एक वर्ग ओलांडला तरी तुमची मुलगी बारावीनंतरच्या डिसेंबरात अठरा पूर्ण असेल. नियमाने बरोबर सहाव्या वर्षी पहिलीत गेलेलं आणि नंतर दोन वर्ग ओलांडलेलं मूल मात्र तिथे अडकू शकतं, म्हणून दोन वर्ग ओलांडायचा विचार असणाऱ्यांनी हा हिशोब आजच करावा.

राहिलं हे बालवाटिकेचं वर्ष. नवं शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षांचा काळ एकच पायरी मानतं, त्यामुळे बालवाटिकेत तिने सीनियर केजीचीच वही पुन्हा गिरवावी असं कुठेही म्हटलेलं नाही. शिक्षिकेला भेटून एवढंच मागा की अक्षरओळखीच्या वेळेत तिला वाचायला पुस्तक द्या आणि आठवड्यातून एकदा ते वर्गाला सांगू द्या. दुसऱ्यांना शिकवायला मात्र तिला रोज बसवू नका, ते तिचं काम नाही. घरी पहिलीचा अभ्यास पुढे-पुढे पळवू नका. तसं केलंत तर पुढच्या वर्षीचा मंगळवार आणखी रिकामा होईल. आडवं वाढू द्या: बुद्धिबळ, पेटी किंवा तबला, पोहणं, असं काहीही ज्यात ती पहिल्या दिवशी सर्वांत कच्ची असेल. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत, सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या, तिला नेत जा आणि पुस्तक तिचं तिला निवडू द्या. कमाटीबागेत झाडांची पानं गोळा करून गट पाडणं हे गणितच आहे.

बालवाटिकेच्या वर्षातल्या फेब्रुवारीत मला भेटायला या. येताना तिची शाळेची वही, तिने कुणी न सांगता काढलेली चित्रं किंवा लिहिलेलं काही, बालवाटिकेच्या बाईंनी चार ओळी लिहून दिल्या तर त्या, आणि शाळेत दुसरीच्या तुकड्या किती आहेत ही माहिती आणा. चुलत भावाचे आई-बाबा त्यावर काय म्हणाले तेही तोवर कळलेलं असू द्या. तिला पहिल्या भेटीत आणू नका. आधी तुम्ही दोघं या.